दोन सीटा, दोन हातोडे

मी त्या गाडीत बसलो तेव्हा छप्पन्न वर्षांचा होतो. उतरलो तेव्हा निदान ब्याऐंशीचा तरी असेन.

बसणं तसं सोपं होतं. दार उघडायचं, पाठ सीटकडे करायची आणि देवाचं नाव घेऊन अंग सोडून द्यायचं. बाकीचं काम गुरुत्वाकर्षण करतं. उतरताना मात्र गुरुत्वाकर्षण पक्ष बदलतं. आधी उजवा पाय बाहेर काढला. मग उजवा हात टेकला. दारावर नव्हे, रस्त्यावर. मग बराच वेळ काहीच झालं नाही. तेवढ्यात विकणाऱ्या बाईंचा कुत्रा येऊन माझं नाक हुंगून गेला, कारण माझं तोंड आता त्याच्या तोंडाच्या उंचीला आलं होतं. आमच्या पिढीची लग्नं पंगतीवरून टेबलखुर्चीवर आली ती सुधारणा म्हणून, असा माझा आजवर समज होता. ती गुडघ्यांमुळे आली.

"कशी वाटली?" बाईंनी विचारलं.

"फारच छान," मी म्हणालो. मी तेव्हा हातापायांवर होतो, पण मनापासून म्हणालो.

या सगळ्यात दोष माझा नाही, गावाचा आहे. आम्ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला राहतो. चोवीस वर्षांपूर्वी घर घेताना एजंटाने सांगितलं होतं की गाव शांत आहे, शाळा चांगल्या आहेत आणि नदी जवळ आहे. (नदी जवळ आहे हे खरं. एकदोनदा ती फारच जवळ आली.) त्याने सांगितलं नाही ते एवढंच की १९२९पासून १९८०पर्यंत या गावात एमजीच्या स्पोर्ट्‌स कार बनत होत्या, आणि कारखाना बंद पडला तरी त्याचं खूळ अजून हवेत आहे. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसच्या गॅरेजवरून पडलेलं हे इतकं साधं नाव, पण अष्टकोनी बिल्ल्यात बसवलं की इथली भली भली माणसं हळवी होतात. इथल्या पबात मिळणारी एक बिअरसुद्धा गाडीच्या नावाची आहे. कारखान्यात इकडून तिकडे हेलपाटे घालायला एक जुनी एमजी ठेवलेली होती. रंगखात्यापाशी उभी राहून राहून तिच्यावर शिंतोडे उडाले आणि कामगार तिला 'कबरी' अशा अर्थाच्या नावाने हाक मारू लागले. १९७९ साली कारखान्याला ॲबिंग्डनमध्ये येऊन पन्नास वर्षं झाली, तेव्हा गावातल्या बिअरवाल्यांनी तेच नाव थोडं फिरवून बिअर काढली : ओल्ड स्पेकल्ड हेन, म्हणजे म्हातारी कबरी कोंबडी. आमच्या मराठी मंडळाच्या सहलीत एका काकांनी ती घेण्याआधी "यात अंडं असतं का हो?" असं विचारल्याचं मला आठवतं.

अशा गावात माणूस चोवीस वर्षं निरोगी राहिला, हेच पुष्कळ झालं. गेल्या वर्षी मुलगी शिकायला बाहेर पडली, घर रिकामं झालं आणि रोग उलटला.

उलटला तो दोन गाड्यांच्या रूपाने. पहिली एमजीबी, सन १९६९, म्हणजे माझ्याच वर्षाची. १९६९ साली जन्मलेल्या वस्तूंबद्दल मला ममत्व आहे. त्या आता फारशा उरलेल्या नाहीत आणि उरल्यात त्यांना सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो. दुसरी माझदाची एमएक्स-५, सन १९९०. त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो, सांगलीला इंजिनिअरिंग करत होतो आणि माझं वाहन म्हणजे वडिलांची बजाज सुपर. ती सकाळी सुरू व्हायला नकार द्यायची. मग तिला रडणाऱ्या पोरासारखं कुशीवर आडवं करायचं, पेट्रोलचा वास आला की उभं करायचं आणि किक मारायची. होस्टेलच्या खोलीत भिंतीची ओल झाकायला आम्ही एका लाल स्पोर्ट्‌स कारचं चित्र लावलं होतं. ती एमएक्स-५च होती, असं मी आता सगळ्यांना सांगतो. फरारी असावी.

थोडक्यात, एक गाडी माझ्या वयाची. दुसरी, मी स्वतःला ज्या वयाचा समजतो त्या वयाची. यातली कुठली घ्यायची, या प्रश्नावर मी आठ महिने घालवले. लग्नाचा निर्णय मी दोन आठवड्यांत घेतला होता, हे बायकोने मध्येच एकदा शांतपणे लक्षात आणून दिलं.

या दोघी परक्या नाहीत, हीच तर खरी पंचाईत. धाकटी थोरलीच्याच पोटची म्हणायला हरकत नाही, फक्त बाळंतपण जपानात झालं. १९७९ साली बॉब हॉल नावाच्या अमेरिकन पत्रकाराने माझदाच्या केनिची यामामोटोंना सुचवलं की जुन्या इंग्लिश गाड्यांसारखी एक साधी, हलकी, उघडी दोन सीटांची गाडी आता कोणी करत नाही, तुम्ही करा. पुढच्याच वर्षी ॲबिंग्डनची एमजीबी बंद झाली. अठरा वर्षांत पाच लाखांवर निघाली होती. फेब्रुवारी १९८९मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात माझदाने आपली गाडी उभी केली. पुढे इंजिन, मागच्या चाकांना जोर, मध्ये दोन माणसं, वर आकाश. २०१६ साली तिची दहा लाखावी प्रत निघाली. म्हणजे इंग्लिश गाडी चालवायची हौस आहे पण सकाळी ती सुरूही व्हावी असं ज्याला वाटतं, त्याने हिरोशिमाला जायचं. जपानी लोक या गाडीबद्दल एक शब्द वापरतात, 'जिंबा इत्ताई' : घोडा आणि स्वार एकजीव. माझ्या बाबतीत घोड्याची तक्रार नव्हती.

आता सल्ले. मराठी माणसाला गाडी घ्यायची आहे ही बातमी लंडनपासून सांगलीपर्यंत किती वेळात पोचते हे मोजायचं असेल, तर ती गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हळूच सांगावी. एकाने टोयोटा घ्यायला सांगितलं. मी म्हटलं, मला जुनी हवी आहे. तो म्हणाला, मग जुनी टोयोटा घ्या. दुसऱ्याने रिसेल व्हॅल्यू विचारली. तिसऱ्याने काही न बोलता माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्याने म्हणे दोन वर्षांपूर्वी गिटार घेतली होती.

पुण्याहून साडूंचा फोन आला.

"काय साडूभाऊ, एमजी घेताय म्हणे! आम्हीपण एमजीच घेतली. सात सीटची."

मी त्यांना समजावलं की एमजी हे नाव आता शांघायच्या मोठ्या कंपनीकडे आहे, तुमची गाडी गुजरातेत हलोलला बनते, आणि मी म्हणतोय ती ॲबिंग्डनची, खरी.

"बरं, तुमच्या खऱ्या एमजीत माणसं किती बसतात?"

"दोन."

"एसी?"

"छप्पर काढलं की आपोआप."

"आणि हीटर?"

इथे मी गप्प बसलो. १९६२ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा हीटर जादा पैसे भरून घ्यावा लागायचा. इंग्लंडमध्ये. शाळेत चित्रकला ऐच्छिक असते तसा इथे हीटर ऐच्छिक होता.

"आमच्या गाडीला नुसतं 'हॅलो एमजी' म्हटलं की काचा खाली होतात," साडू म्हणाले.

माझ्या गाडीशी बोलायचे शब्द वेगळे असणार होते, पण ते फोनवर सांगण्यासारखे नव्हते.

आईचा प्रश्न एकच होता. "छप्पर नाही? कानाला वारा लागेल रे. कानटोपी घालशील ना?"

मी म्हटलं, "अगं आई, स्पोर्ट्‌स कारमध्ये कानटोपी?"

"का? स्पोर्ट्‌स कारमध्ये कान नसतात?"

जाहिराती वाचण्यात माझे पहिले तीन महिने गेले. ही भाषा शिकावी लागते. पुण्यात 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणजे काय हे जसं घर घेणाऱ्याला उशिरा कळतं, तसंच हे. 'थोडं काम बाकी आहे' म्हणजे इंजिन डिकीत आहे. 'बरेच सुटे भाग सोबत' म्हणजे डिकीही सुटी आहे. 'उभी केली तेव्हा चालत होती' हे तर प्रत्येकाचंच असतं. माणूससुद्धा आडवा होईपर्यंत चालताच असतो. या सगळ्यांतून गाळून मी एक एमजीबी काढली. किंमत साडेनऊ हजार पौंड, मालक एक्क्याऐंशी वर्षांचे आजोबा, घर टेम्सकाठच्या एका खेड्यात.

आजोबांनी दार उघडलं आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता बुटांकडे बघितलं.

"नऊ नंबर?"

"साडेनऊ."

"हं. पेडलं जरा जवळजवळ आहेत. जमवावं लागेल."

मग चहा. मग बिस्किटं. मग प्रश्न. गॅरेज आहे का? कोरडं आहे का? नक्की कोरडं, का कोरड्यासारखं? सध्या त्यात काय ठेवता? आमच्या गॅरेजात वॉशिंग मशीन, फ्रीझर, तांदळाची वीस किलोची गोणी, गणपतीचं थर्माकोलचं मखर आणि बारा वर्षांपूर्वी 'पुढच्या ट्रिपला नेतो' म्हणून ठेवलेल्या कुणाच्या तरी चार बॅगा आहेत. मी म्हटलं, "रिकामं करून घेतो."

"आधीचा माणूसही असंच म्हणाला होता."

"मग?"

"त्याला नाही म्हटलं."

मुलगी बघायच्या कार्यक्रमात मुलाकडची माणसं इतकी घाबरून बसलेली मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि मुलाकडून मी एकटाच गेलो होतो.

शेवटी गॅरेजचं दार उघडलं. बाटलीच्या हिरव्या रंगाची, तारांच्या चाकांची, बसक्या बांध्याची ती गाडी अंधारात उभी होती. पेट्रोल, कातडं आणि ओल्या गोणपाटाचा मिळून एक वास आला. वडिलांच्या स्कूटरच्या डिकीत हात घातला की येत असे, तोच. मी तिथेच निम्मा कामातून गेलो.

पण मी तयारीने गेलो होतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही. दाराखालचे दोन लांब पट्टे, म्हणजे गाडीचे उंबरठेच म्हणा, सगळा भार घेतात. ते सडले की गाडी मध्यभागी बसते आणि दारं लागेनाशी होतात. म्हणून विकणारे तिथे पुट्टी भरून वर रंग मारतात. पत्र्याला लोहचुंबक चिकटतं, पुट्टीला चिकटत नाही. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. घरात दुसरं चुंबक नव्हतं म्हणून फ्रिजवरचं उचलून आणलं होतं. महाबळेश्वरला घेतलेलं, स्ट्रॉबेरीच्या आकाराचं.

मी ते सराईतपणे बॉनेटवर लावलं. ते खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. अख्खं बॉनेट पुट्टीचं! मी आजोबांकडे असं बघितलं, जणू चोरच पकडला.

"बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे," ते म्हणाले. "त्या वर्षापर्यंत तसंच असायचं."

मी खाली वाकून उंबरठ्याकडे वळलो. पुढच्या बाजूला स्ट्रॉबेरी घट्ट बसली. मधे बसली. मागच्या चाकाजवळ मात्र ती क्षणभर थांबली आणि मग, घाई न करता, घसरत घसरत जमिनीवर जाऊन बसली. आजोबांनी ती उचलली, चष्मा वर करून न्याहाळली.

"स्ट्रॉबेरी?"

"महाबळेश्वरची."

"सीझन संपला असेल," म्हणाले, आणि माझ्या हातात दिली.

चोक ओढला, किल्ली फिरवली. आजोबांनी एक बोट वर केलं. "टिकटिक ऐकू येतेय?"

"नाही."

"मलाही नाही. म्हणजे एकतर पेट्रोलचा पंप चालत नाही, नाहीतर आपण दोघं बहिरे आहोत."

त्यांनी फळीवरून एक छोटा लाकडी हातोडा काढला, जमिनीवर चटई टाकली, एक्क्याऐंशीव्या वर्षी तिच्यावर आडवे झाले आणि उजव्या मागच्या चाकाशी कुठेतरी हात घालून हलकेच मारलं. टक. लगेच टिकटिकटिक. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधीपणा तर नव्हताच, उलट डॉक्टरांचा असतो तसा एक शांत आनंद होता.

"आणि तो दुसरा?" फळीवर एक तांब्याच्या तोंडाचा, चांगला दणकट हातोडा होता.

"तो चाकांचा. चाक काढायला मधल्या नटाला ठोकावं लागतं." मग समजुतीच्या स्वरात, "दोन्ही गाडीबरोबर देईन."

सात सीटच्या गाडीत काचा खाली करायला शब्द पुरतो. इथे दोन सीटांना दोन हातोडे. पण खरं सांगतो, सकाळी साडेसहाला लुंगीवर बाहेर येऊन स्कूटर आडवी करणारे वडील मला त्या चटईवर दिसले. त्यांनी त्या स्कूटरला आयुष्यभर शिव्या दिल्या आणि ती विकली त्या दिवशी जेवले नाहीत.

आम्ही निघालो. छप्पर नव्हतं. आभाळ भरलेलं होतं, पण आभाळ भरलेलं असताना छप्पर लावायचं हे इथे भित्रेपणाचं समजतात. चार मैलांवर पाऊस आला.

"छप्पर?" मी विचारलं.

"डिकीत."

हे छप्पर उघडत नाही. बांधावं लागतं. आम्ही कडेला गाडी लावून डिकीतून आधी लोखंडी दांड्या काढल्या, मग कापड. दांड्या एकमेकींत बसवायच्या, त्यावर कापड अंथरायचं, पुढच्या काचेच्या वर ताणून अडकवायचं, मग सगळीकडून टिचबटणं लावायची. मांडव घालणाऱ्यांकडे निदान चार माणसं आणि एक ओरडणारा तरी असतो. आमच्याकडे दोघांत मिळून एकशे सदतीस वर्षं होती. कापड एका बाजूला ओढलं की दुसऱ्या बाजूची टिचबटणं टिच टिच करत सुटायची. शेवटचं बटण लागलं तेव्हा आम्ही दोघं आतून बाहेरून भिजलेले होतो आणि लख्ख ऊन पडलं होतं.

"चला, काढू या," आजोबा म्हणाले.

निरोप घेताना मी म्हणालो, "विचार करून कळवतो."

"मीही," ते म्हणाले.

घरी आल्यावर मी पक्कं ठरवलं की एमएक्स-५. तिचं छप्पर सीटवर बसल्या बसल्या एका हाताने मागे टाकता येतं. शिवाय तिचं चारित्र्य तपासता येतं. इथे तीन वर्षांवरच्या गाडीची दरवर्षी एमओटी नावाची तपासणी होते आणि गाडीचा नंबर टाकला की सगळे निकाल सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. चाळिशी ओलांडलेल्या गाडीला मात्र, फार बदल केलेले नसतील तर, ही तपासणीही माफ आणि रोड टॅक्सही माफ. म्हणजे जिच्यात बिघडण्यासारखं सगळ्यांत जास्त, तिला कोणी काही विचारायचं नाही. आमच्या मंडळाच्या सल्लागार समितीचंही असंच आहे.

एमएक्स-५ पस्तीस वर्षांची, म्हणजे अजून परीक्षार्थी. मी रात्रभर तिचे निकाल वाचत बसलो. एका वर्षी हँडब्रेक कमजोर. एका वर्षी मागच्या उंबरठ्याला गंज, नापास. चार दिवसांनी पास. पुढे तीन वर्षं ओळीने 'किरकोळ गळती, लक्ष ठेवावे'. बायकोच्या माहेराबद्दल मी लग्नाआधी एवढी चौकशी केली नव्हती. मग वाटलं, माझा नंबर टाकला तर काय दिसेल? २०१६ : साखर काठावर. २०१९ : डावा गुडघा, वळताना आवाज, लक्ष ठेवावे. २०२३ : मागील भाग मूळ आराखड्यापेक्षा रुंद. मी लॅपटॉप बंद केला.

ही गाडी विकणाऱ्या बाई गाडीपेक्षा दोन वर्षांनी लहान. त्यांना बाळ होणार होतं आणि बाळाला ठेवायला तिसरी जागा नव्हती. किंमत चार हजार आठशे पौंड. गाडी लाल. त्यांनी काही लपवलं नाही. "छपरावरचं पाणी जायला मागे दोन नळ्या आहेत," म्हणाल्या. "त्यांत पानं अडकली की पाणी उंबरठ्यात साठतं. वळणावर खळखळ आवाज आला तर घाबरू नका." आमच्या सांगलीच्या घराची पन्हाळ अशीच तुंबायची. मी कसला घाबरतो!

ती चालवणं म्हणजे काय, हे सांगायला गेलो तर लेख भलतीकडे जाईल. गिअरची दांडी अडकित्त्यासारखी छोटी, आणि तशीच कट्कन पडणारी. स्टिअरिंगला नुसतं मनात आणलं की गाडी वळते. वीस मिनिटं मी खरोखर एकवीस वर्षांचा होतो. चर्चजवळ झाडांची सावली दाट झाली म्हणून दिवे लावले. या गाडीचे दिवे बॉनेटमध्ये मिटलेले असतात, बटण दाबलं की डोळे उघडतात. त्या दिवशी डावा उघडला, उजवा नाही. समोर फुलं घेऊन चाललेल्या एक वयस्क बाई होत्या. मी घाबरून बटण पुन्हा दाबलं, डावा मिटला. पुन्हा दाबलं; उघडला. बाई थांबल्या, हसल्या आणि त्यांनीही एक डोळा मारला. चोवीस वर्षांत या गावात माझ्याकडे बघून कोणी इतकं मनापासून हसलं नव्हतं.

मग घरी येऊन, म्हणजे आधी गाडीतून सुटून मग घरी येऊन, मी एक्सेलमध्ये तक्ता केला. खर्च, गंज, सुटे भाग, छप्पर, आवाज, 'मनाला काय वाटतं'. प्रत्येकाला गुण, प्रत्येकाला भारांक. एमजीबी जिंकली. मला बरं वाटलं नाही, म्हणून 'मनाला काय वाटतं'चा भारांक वाढवला. आता एमएक्स-५ जिंकली. तेही बरं वाटलं नाही. बायकोने मागून वाकून बघितलं आणि काही न बोलता तीन रकाने वाढवले : 'वीस किलो तांदूळ', 'विमानतळावरून आई', 'गणपती आणणे'.

"गणपती येईल की," मी म्हणालो. "शेजारच्या सीटवर, पट्टा लावून. वर छप्पर नाही, म्हणजे मिरवणूकच!"

"आणि मी?"

"तू मागून येशील. आपल्या गाडीने."

तिने चौथा बदल केला. आमच्या जुन्या पाच दारांच्या गाडीची एक ओळ घातली. तिला शहाण्णव गुण पडले. त्या दोघी मिळूनसुद्धा तेवढे होत नव्हते.

"एकदा तूही चालवून बघ," मी चिडून म्हणालो, "म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते."

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं एमएक्स-५ बघायला गेलो. झिमझिम होती. बायको बसली, सीट पुढे घेतली, आरसा फिरवला, एका हाताने छप्पर मागे टाकलं. "दहा मिनिटांत येते," म्हणाली. मला बस म्हणालीच नाही. मी, गरोदर बाई आणि तो कुत्रा, तिघं फाटकाशी उभे राहिलो. पंधरा मिनिटं गेली. अर्धा तास गेला. बाई म्हणाल्या, "हे बऱ्याच वेळा होतं." चाळीस मिनिटांनी कोपऱ्यावर एक डोळा दिसला, मग लाल बॉनेट, मग बायको. केस पावसाने चप्प, नाक लाल, आणि चेहऱ्यावर मी २००३ सालानंतर न बघितलेलं काहीतरी. ती गाडीतून एका झटक्यात उतरली. हात न टेकता. योगाचे वर्ग ती उगाच करत नाही.

"घेतली," ती म्हणाली.

"अगं, पण आपण अजून तुलना..."

"तू कर की तुलना. ही माझी आहे. तू तुझं बघ."

घरी येताना मी तिच्या शेजारी बसलो होतो. हीटर पायाशी, पाऊस डोक्यावर. पहिल्याच वळणाला उजव्या कानात वारा शिरला. बायकोने एका हाताने पर्स उघडून करड्या लोकरीची कानटोपी माझ्या मांडीवर टाकली. आईने कुरिअरने पाठवलेली.

दारात आल्यावर मी नेहमीप्रमाणे उजव्या... नाही, आता डाव्या बाजूने उतरायचं होतं. त्या बाजूला मी सरावलो नव्हतो. बायको दार उघडून, दिवे लावून, चहा टाकून परत आली तेव्हा मी निम्मा बाहेर होतो.

दुसऱ्या दिवशी फ्रीझर जिन्याखाली गेला, मखर माळ्यावर, बॅगा 'पुढच्या ट्रिपला' म्हणून बेडरूममध्ये, आणि गाडी गॅरेजात. रात्री पावणेदोनला मी लॅपटॉप उघडून बसलो.

"अरे, आता काय बघतोयस?" आतून आवाज आला.

"काही नाही. झोप तू."

फोनवर आजोबांचा निरोप होता. संध्याकाळी आलेला. त्यांच्या पद्धतीप्रमाणे मायना नाही, सही नाही. 'गॅरेज रिकामं झालं का?'

मी खाली जाऊन गॅरेजचा दिवा लावला. लाल गाडी भिंतीला चिकटून उभी होती. तिच्या पलीकडे, वॉशिंग मशीन जरा सरकवलं तर, पाऊल टाकून मोजलं, साडेपाच फूट.

'निम्मं झालंय,' मी उत्तर पाठवलं.